घोडबंदरचा रस्ता आणि डिझेलचें इंजिन

ठाण्याच्या माजिवड्यापासून खाडीच्या कांठाकांठानें घोडबंदर गांवाकडे जाणारा रस्ता हा ओझें वाहणाऱ्यांचा रस्ता आहे. या बंदरांत एके काळीं घोड्यांचा व्यापार चाले व त्यावरूनच गांवास हें नांव पडलें, असें परंपरा सांगते. तेथील पोर्तुगीजांचा किल्ला १७३७ सालीं मराठ्यांच्या हातीं आला. आज त्या वाटेनें घोड्यांचे तांडे जात नाहींत. परंतु मालमोटारींची रांग गायमुखाचा चढ चढूं लागली, म्हणजे 'अश्वशक्ति' या शब्दाचा अर्थ कोणालाहि समजावून सांगावा लागत नाहीं. जिची शक्ति ओझ्याला पुरत नाहीं ती गाडी तेथें थांबते, आणि तिच्यामागें शेंकडों माणसें थांबतात.

अशा रस्त्यावर पोट असलेल्या माणसापुढें एक प्रश्न पिढ्यानुपिढ्या उभा राहिला आहे. जिला आज सर्वजण पिकअप म्हणतात ती छोटी मालवाहू मोटार जुनी झालेली असते. चेसी धड असते, माल ठेवण्याचा हौदा धड असतो, पण पेट्रोलचें इंजिन थकलेलें आणि खादाड असतें. नवी गाडी घेण्यास पैसा नाहीं. मग भंगाराच्या बाजारांतून दुसऱ्या गाडीचें वापरलेलें डिझेल इंजिन आणून तें या गाडींत कां बसवूं नये? हा विचार साधा दिसतो. त्याचा इतिहास मात्र तितका साधा नाहीं.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याचें इंजिन १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें कसोटीस उतरलें. इंधनांतील सुमारें २६ टक्के उष्णता त्यानें कामीं लावली. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवावें लागतें. डिझेलमध्यें हवा इतकी दाबली जाते कीं तिच्या तापानेंच तेल पेट घेतें. हा दाब सोसण्यासाठीं इंजिन जाड व जड करावें लागलें. म्हणून प्रथम तें कारखान्यांत व जहाजांवरच राहिलें. १९२० नंतरच्या दशकांत जर्मनींत तें मालमोटारींवर आलें, आणि जुन्या गाडींत डिझेल इंजिन बसविण्याचा एक गाजलेला प्रयोग अमेरिकेंत झाला. क्लेसी कमिन्स या कारखानदारानें १९२९ च्या अखेरीस एका वापरलेल्या पॅकार्ड गाडींत आपलें नौकेचें डिझेल इंजिन बसविलें आणि लगेच जानेवारी १९३० मध्यें ती इंडियानांतून न्यूयॉर्कपर्यंत, सुमारें ८०० मैल, चालवीत नेली. तेलाचा खर्च आला अवघा १ डॉलर ३८ सेंट!

आपल्याकडे या विचारास खरी चालना मिळाली ती भावामुळें. मुंबईंत जुळविल्या जाणाऱ्या जीपगाड्या मूळच्या पेट्रोलच्या होत्या. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर कच्च्या तेलाचा भाव कांहीं महिन्यांत सुमारें चौपट झाला. पेट्रोल महागलें, शेती व मालवाहतूक यांच्यासाठीं डिझेल मात्र सरकारनें स्वस्त ठेवलें. तेव्हां महिंद्र कंपनीनें स्वतःच एक मार्ग काढला. कांदिवलीस १९६३ पासून इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या धर्तीवर ट्रॅक्टर तयार होत होते. त्याच घराण्यांतलें डिझेल इंजिन तिनें जीपला दिलें. नांगराचा सोबती रस्त्यावर आला! जें कारखान्यानें केलें तेंच गल्लोगल्लींचे मिस्त्री आपापल्या परीनें करूं लागले. पुढें १९८० च्या दशकांत पुण्याच्या बजाज टेंपो कंपनीनें मर्सिडीजचें २.४ लिटरचें डिझेल इंजिन परवान्याखाली मॅटाडोरसाठीं तयार केलें. मोडींत निघालेल्या मॅटाडोरचीं हीं इंजिनें जुन्या जीपगाड्यांना लावण्याची मग चालच पडली.

परंतु इंजिन एकटें येत नाहीं. नवें वजन अधिक, म्हणून पुढचे पाटे दबतात. इंजिन व गिअरबॉक्स यांचीं भोकें जुळत नाहींत, म्हणून मध्यें जाड पोलादी तबकडी कातून बसवावी लागते; तिचा मध्य केंसभर चुकला तरी क्लच व बेअरिंग लवकर झिजतात. ट्रॅक्टरच्या इंजिनाचे फेरे मंद, ओढ मोठी. मागील आंसाचें गुणोत्तर पेट्रोलच्याच इंजिनाचें ठेवलें तर गाडी चढ चढते, पण सपाटीवर धांवत नाहीं. सर्वांत नाजुक गोष्ट ब्रेकची. पेट्रोलच्या इंजिनांत हवेच्या वाटेवर झडप असल्यामुळें निर्वात निर्माण होतो, आणि पुष्कळ गाड्यांत तोच ब्रेकला साह्य करतो. बहुतेक डिझेल इंजिनांत तसा निर्वात मिळत नाहीं. त्यासाठीं वेगळा पंप लावावा लागतो. तो पंप न लावतां भरलेली गाडी गायमुखाच्या उतारावर सोडणें म्हणजे तेलाची बचत परक्याच्या प्राणावर करणें होय.

कायद्यानेंहि ही गोष्ट ओळखली. नोंदणीच्या पुस्तकांत इंजिनाचा क्रमांक असतो तो उगीच नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें असे फेरफार मर्यादित केले, आणि जानेवारी १९ मध्यें नव्हे तर पुढील शतकांत, म्हणजे जानेवारी २०१९ मध्यें, सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं उत्पादकानें ठरविलेल्या मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल वाहनांत करतां येणार नाहीं. मान्यताप्राप्त सामग्री बसवून वायूसारख्या दुसऱ्या इंधनाकडे वळण्याची वाट कायद्यानें खुली ठेवली आहे. या शतकाच्या आरंभीं मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळें मुंबईच्या जुन्या टॅक्सी याच वाटेनें नैसर्गिक वायूकडे वळल्या. डिझेलचा धूर कर्करोगास कारण होतो, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें २०१२ सालीं दिला. रस्त्याच्या दोहों बाजूंस उंच इमारती उभ्या राहिलेल्या घोडबंदरसारख्या ठिकाणीं या निर्णयाचें महत्त्व वेगळें सांगावयास नको.

ऑक्टोबर २०१४ मध्यें डिझेलच्या भावावरील सरकारी नियंत्रण उठलें, आणि ज्या तफावतीनें या उद्योगास जन्म दिला ती पूर्वीसारखी राहिली नाहीं. एप्रिल २०२० पासूनच्या नव्या इंजिनांत धूर शुद्ध करणारीं उपकरणें व विद्युत्-नियंत्रण इतकें गुंतलेलें आहे कीं तें इंजिन सोडवून जुन्या गाडींत बसविणें हें गल्लींतल्या मिस्त्र्याच्या हातचें काम उरलें नाहीं. तरीहि या मिस्त्र्यांना हिणविण्याचें कारण नाहीं. टाकाऊ ठरलेल्या दोन यंत्रांतून एक कामाचें यंत्र उभें करून त्यांनीं अनेक कुटुंबांची चूल पेटती ठेवली. त्यांच्यांतील जाणता मिस्त्री इंजिनाची किंमत सांगण्यापूर्वीं पाटे, आंस, ब्रेक आणि कागदपत्रें यांचा खर्च सांगे. आणि तो खर्च झेपत नसेल तर गाडी आहे तशीच चालवा, असा सल्ला देई.