बॅकअप आहे, पण तो सुरक्षित आहे का?

२७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचा व्हायरस मर्स्क या डेन्मार्कच्या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरला आणि जगभरातले तिचे कॉम्प्युटर बंद पडले. आपल्याकडे उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात या समूहाच्या टर्मिनलचं कामही ठप्प झालं.

कोणाला कुठे लॉगिन देता येईल हे ठरवणारे मर्स्कचे सुमारे १५० सर्व्हर एकमेकांची कॉपी ठेवत होते. त्यामुळे एक गेला तरी बाकीचे आहेत, असा भरवसा होता. पण व्हायरसने सगळे एकाच वेळी पुसले. वाचला फक्त घानातला एक, कारण तिथे वीज गेल्याने तो नेटवर्कपासून तुटलेला होता! त्याच्यावरूनच कंपनी पुन्हा उभी राहिली. तरीही नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं झालं.

एकमेकांना जोडलेल्या कॉपी एकत्रच जातात, हा यातला धडा. छोट्या दुकानाच्या हिशेबालाही तो तितकाच लागू आहे.

बॅकअप कशाला म्हणायचं नाही?

त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवलेली कॉपी म्हणजे बॅकअप नाही. हार्ड डिस्क किंवा अख्खा कॉम्प्युटर गेला की दोन्ही जातात.

क्लाउडशी सिंक होणारा फोल्डरही पुरेसा नाही. सिंकचं काम दोन्हीकडे सारखी फाइल ठेवणं. तुमच्याकडची फाइल बिघडली, तर बिघडलेलीच वर जाते. जुन्या आवृत्त्या मिळतात, पण बहुतेक सेवांमध्ये ठरावीक दिवसांपुरत्याच.

बॅकअप जातात कसे?

• रॅन्समवेअर : खंडणी मागणारे आधी बॅकअप शोधून पुसतात, कारण बॅकअप असेल तर पैसे कोण देणार? कायम लावून ठेवलेली हार्ड डिस्कही लॉक होते.

• एकाच पासवर्डवर सगळं : २०१४ मध्ये कोड स्पेसेस या कंपनीच्या क्लाउड खात्यात हल्लेखोर शिरला. डेटा आणि बॅकअप एकाच खात्यात होते. त्याने दोन्ही पुसले आणि कंपनी बंद पडली.

• आग आणि पाणी : मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएचक्लाउडच्या डेटा सेंटरला आग लागली. ज्यांचा बॅकअपही तिथेच होता, अशा ग्राहकांचा डेटा कायमचा गेला.

• न चालणारा बॅकअप : ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबमधल्या कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटा पुसला. बॅकअप पाहिले तर नेहमीचा बॅकअप कित्येक दिवस होतच नव्हता आणि त्याची सूचना देणारे ईमेलही पोहोचत नव्हते. सहा तासांपूर्वी सहज घेतलेली एक कॉपी होती म्हणून निभावलं.

३-२-१ नियम

डेटाच्या एकूण ३ प्रती ठेवा, त्या २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा आणि १ प्रत दुसऱ्या जागी ठेवा. रॅन्समवेअर आल्यापासून यात एक भर पडली आहे : किमान एक प्रत नेटवर्कपासून तोडलेली किंवा बदलताच न येणारी हवी.

बदलता न येणारी म्हणजे काय? अनेक क्लाउड सेवांमध्ये फाइलला मुदतीचं कुलूप लावता येतं. ॲमेझॉनच्या एस-थ्री सेवेत याला 'ऑब्जेक्ट लॉक' म्हणतात. त्याच्या कडक प्रकारात मुदत संपेपर्यंत खात्याचा मालकसुद्धा ती प्रत पुसू शकत नाही. मग चोराच्या हाती पासवर्ड लागला तरी ती प्रत वाचते.

गुपचूप केलेला बदल कसा ओळखायचा?

कधी डेटा पुसला जात नाही, आतला एखादा आकडा बदलला जातो. यासाठी 'हॅश' वापरतात. एसएचए-२५६ सारखी पद्धत फाइलवरून ६४ अक्षर-अंकांचा ठसा काढते. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी ठसा पार बदलतो. बॅकअप घेताना ठसा काढून वेगळ्या जागी नोंदवा आणि नंतर ताडून पाहा. ठसा बॅकअपशेजारीच ठेवला, तर फेरफार करणारा तोही बदलून टाकेल.

कायदा काय सांगतो?

इलेक्ट्रॉनिक हिशेब ठेवणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांनी त्याचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं ऑगस्ट २०२२ पासून बंधनकारक आहे. हिशेबाची पुस्तकं किमान ८ वर्षं जपावी लागतात. रॅन्समवेअरसारखा हल्ला झाल्यास कंपनीने तो लक्षात आल्यापासून ६ तासांत 'सर्ट-इन' या सरकारी यंत्रणेला कळवायचा असतो.

छोट्या व्यावसायिकाने काय करावं?

१. दोन हार्ड डिस्क घ्या आणि आलटून पालटून वापरा. बॅकअप झाला की डिस्क काढा. एक दुकानात, दुसरी घरी ठेवा.

२. तिसरी प्रत क्लाउडवर ठेवा. त्या खात्याचा पासवर्ड वेगळा असू द्या आणि ओटीपीसारखी दुसरी पायरी चालू करा.

३. बॅकअप घेणाऱ्याला तो पुसण्याचा अधिकार देऊ नका.

४. घराबाहेर जाणाऱ्या डिस्कला पासवर्ड लावा, पण तो कागदावर लिहून कुलपात ठेवा. पासवर्ड हरवला तर बॅकअपही गेला.

५. जुन्या प्रती लगेच पुसू नका. बिघाड किंवा फेरफार कधी कधी महिन्यांनी लक्षात येतो.

६. दर तीन महिन्यांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर बॅकअप उघडून पाहा. मागच्या महिन्याची दोन-चार बिलं जुळतात का, परत उभं राहायला किती तास लागले, हे लिहून ठेवा.

या यादीतलं सगळं आज जमणार नसेल, तर शेवटच्या कामापासून सुरुवात करा. बॅकअप उघडत नाही हे आज कळलं तर दुरुस्त करता येतं. डेटा गेल्यावर कळलं तर हाती काहीच राहत नाही.