अजिंठ्याच्या भिंती आणि चोळमंडलाची वाळू

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखादा इतिहासविषयक लेख द्यावा, अशी संपादकांची प्रेमळ आज्ञा झाली. त्याच सुमारास आमच्या घरात एक लहानसा वाद चालू होता. त्या वादाचे उत्तर शोधताना जे वाचनात आले, तेच येथे वाचकांपुढे ठेवीत आहे.

माझी कन्या येथील एका महाविद्यालयात ग्राफिक डिझाइन शिकते. गेल्या वर्षी तिच्या वर्गाला चार-चारांच्या गटाने करावयाचे काम देण्यात आले होते. एका कल्पित संग्रहालयासाठी तमिळ व इंग्रजी अशा दोन लिप्यांत दिशादर्शक फलकांचा संच तयार करावयाचा होता. पहिल्याच आठवड्यात ती घरी येऊन म्हणाली, “बाबा, चौघांचे काम एकत्र मांडणार आणि गुण सर्वांना सारखेच. मग माझे त्यात काय राहिले?” मी तिला “एकीचे बळ” वगैरे चार शब्द ऐकविले, परंतु ते तिला पटले नाहीत, आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाहीत. प्रश्न श्रमाचा नव्हता, नावाचा होता.

या प्रश्नाचे मूळ शोधू लागलो, तो मला या शहरातून थेट अजिंठ्याला घेऊन गेला. 1819 साली शिकारीसाठी हिंडताना जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ती विस्मृत लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यातील चित्रावर त्याने आपले नाव कोरून ठेविले. हा स्मिथ मद्रासच्या घोडदळातला. पुढे 1844 साली तेथील भित्तिचित्रांच्या नकला करण्यासाठी ज्याची नेमणूक झाली, तो रॉबर्ट गिलही मद्रासच्याच फौजेतला. गिल आणि पारो यांची कथा ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्यामुळे मराठी वाचकांना परिचित आहे. येथे महत्त्वाची गोष्ट एवढीच, की गिलने हे प्रचंड काम जवळजवळ एकट्याच्या बळावर केले. जवळपास वीस वर्षे तो त्या दरीत राबला. त्याची चित्रे लंडनला गेली, क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली गेली, आणि 1866 च्या आगीत बहुतेक सर्व जळून गेली. 1879 साली गिल वारला. त्याची कबर भुसावळला आहे. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

गिलचे काम नष्ट झाल्यावर ते पुन्हा करण्याचा प्रश्न आला. या वेळी रीत बदलली. 1857 साली सुरू झालेल्या मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत जॉन ग्रिफिथ्स हे 1865 पासून शिक्षक होते. 1872 पासून 1885 पर्यंत, मध्ये खंड पडत, ते आपल्या विद्यार्थ्यांचा लहानसा जथा घेऊन अजिंठ्याला जात राहिले. भिंती, छते, खांब यांचे भाग पाडून वेगवेगळ्या कापडांवर तैलरंगात नकला उतरविण्यात आल्या. त्यांची संख्या सुमारे 300 भरली. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांतले पुढे प्रसिद्धीस आलेले चित्रकार. अंधाऱ्या लेण्यांत एकाच भिंतीच्या दोन टोकांना दोन मुले काम करीत असतील, तर एकाचा गेरू दुसऱ्याच्या गेरूशी जुळला पाहिजे, एकाची रेषा जेथे संपते तेथून दुसऱ्याची सुरू झाली पाहिजे. आज आपण ज्याला गटकार्य म्हणतो त्याची अशी कठीण शाळा दुसरी क्वचितच असेल.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. चित्रे स्पष्ट दिसावीत म्हणून त्या काळी मूळ भिंतींवर व्हार्निश चढविले गेले. ते कालांतराने काळवंडले आणि चित्रांना अपाय झाला. एकत्र काम केले म्हणजे चूक होत नाही असे मुळीच नाही; उलट, गटात “हे करणे योग्य आहे काय?” असे विचारणारा कोणी नसेल, तर चूकही एकमताने होते. 1885 साली लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये पुन्हा आग लागली आणि यातल्याही अनेक नकला जळाल्या. तथापि या वेळी बरेच काही वाचले. 1896-97 साली ग्रिफिथ्स यांचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला व अजिंठा जगापुढे आला. ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचे आहे. ज्या मुलांनी हिवाळ्यामागून हिवाळे त्या दरीत काढले, त्यांतल्या बहुतेकांची नावे आज अभ्यासकांखेरीज कोणाला ठाऊक नाहीत.

येथवर वाचल्यावर माझ्या कन्येचा प्रश्न अधिकच टोकदार झाला, हे मला कबूल केले पाहिजे. म्हणून मी दृष्टी आपल्या या शहराकडे वळविली.

चेन्नईचे शासकीय कला महाविद्यालय जे. जे. पेक्षाही जुने आहे. अलेक्झांडर हंटर या शल्यवैद्याने 1850 साली त्याची स्थापना केली. 1929 ते 1957 या काळात देवीप्रसाद रायचौधुरी तेथे प्रमुख होते आणि त्यांच्यानंतर के. सी. एस. पणिकर आले. पणिकरांना एक व्यावहारिक चिंता होती. पाच-सहा वर्षे शिकून बाहेर पडलेला मुलगा पोटासाठी कोठेतरी चिकटे आणि त्याची चित्रकला संपे. चित्रे विकली जात नव्हती. तेव्हा पणिकरांनी आपल्या विद्यार्थ्यांना व तरुण सहकाऱ्यांना एकत्र करून हस्तव्यवसायाची एक संघटना उभारली. बाटिकची कापडे, कातडीकाम, धातुकाम अशा वस्तू ही मंडळी फावल्या वेळात करीत. त्या वस्तूंना मात्र गिऱ्हाईक होते. त्या विक्रीतून पैसा साठला आणि महाबलिपुरमच्या रस्त्यावर इंजम्बाक्कम येथे समुद्रालगत जमीन घेतली गेली. 1966 साली तेथे ‘चोळमंडल’ हे कलाकारांचे गाव वसले.

आज ईस्ट कोस्ट रोडवरून मोटारी धावतात. तेव्हा तेथे वाळू आणि सुरूची झाडे होती. जे. सुलतान अली, एस. जी. वासुदेव, जयपाल पणिकर, सेनाधिपती, नंदगोपाल ही नावे त्या गावाशी जोडली गेली. या मंडळींनी कापडावरचे रंगकाम एकत्र केले, परंतु आपापली चित्रे वेगवेगळी काढली. सुलतान अलींचे चित्र वासुदेवांचे म्हणून कोणी ओळखणार नाही. पोटाचे काम सामायिक आणि प्रतिभेचे काम ज्याचे त्याचे, अशी ही वाटणी होती. सरकारी अनुदानाची वाट न पाहता, विद्यार्थिदशेतच जमलेल्या एका गटाने स्वतःचे गाव वसविले, हे उदाहरण आपल्या देशात विरळाच. माझ्या कन्येला ही कथा मी सांगितली नाही. एका रविवारी तिला तेथे घेऊनच गेलो. ती बराच वेळ काही बोलली नाही.

आता फलकांचे काय झाले ते सांगतो. अक्षरे रेखण्याचे काम माझ्या कन्येकडे होते, चित्रचिन्हे दुसरीकडे, रंग तिसऱ्याकडे. चौथ्या मुलाला, एका तमिळ विद्यार्थ्याला, रेखाटनाची फारशी आवड नव्हती. तो मोजपट्टी घेऊन निघाला आणि कागदावरील नमुने महाविद्यालयाच्या लांब व्हरांड्यात चिकटवून दुरून वाचून पाहू लागला. त्याने येऊन सांगितले, की वीस पावलांवरून इंग्रजी वाचता येते, तमिळ येत नाही. कारण तमिळ अक्षरांची वळणे एकमेकांत मिसळतात. माझ्या कन्येने ती अक्षरे तीनदा नव्याने काढली. घरी येऊन ती म्हणाली, “बाबा, अक्षरे माझीच आहेत, पण ती वाचता येतात, ते त्याच्यामुळे.”

तिने आणखी एक गोष्ट केली. काम सादर करताना चौघांनी शेवटच्या पानावर कोणी काय केले ते स्पष्ट लिहिले. गुण सारखेच मिळाले. तक्रार राहिली नाही.

ते पान पाहून मी मात्र अस्वस्थ झालो. माझी सारी नोकरी सरकारी कचेरीत गेली. टिपणी सहायक लिहितो, आकडे दुसरा कोणी जुळवितो, आणि सही अधिकाऱ्याची होते. माझ्या सहीने गेलेल्या कित्येक टिपण्यांतले उत्तम वाक्य माझे नव्हते. वरिष्ठांनी शाबासकी दिली, तेव्हा ते वाक्य कोणाचे हे मी दर वेळी सांगितले होते काय? प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असे आहे. निवृत्तीपूर्वी जी काही वर्षे उरली आहेत, त्यांत ही उणीव भरून काढावी असे ठरविले आहे.

मरीनावर संध्याकाळी फिरायला जाणाऱ्या आपल्या सर्वांना रायचौधुरींचे ‘श्रमविजय’ हे शिल्प परिचित आहे. चार श्रमिक एक प्रचंड शिळा हलवीत आहेत. 1959 पासून ते तेथे उभे आहे. त्या चौघांकडे नीट पाहिले, तर प्रत्येकाची देहस्थिती निराळी आहे. शिळा मात्र एकच आहे.

परमुलखात येऊन ज्यांनी हे मंडळ पन्नास वर्षे चालविले, त्यांनीही अशीच एक शिळा हलविली आहे. अध्यक्षांची व कार्यवाहांची नावे या स्मरणिकेत छापली जातीलच. परंतु गणेशोत्सवात सतरंज्या घालणारे, नाटकाच्या तालमींना चहा करणाऱ्या गृहिणी, वर्गणीसाठी उन्हातान्हात दारोदार फिरलेले सभासद यांची नावे कोणाच्या तरी वहीत, कोणाच्या तरी आठवणीत अजून असतील. ती विचारून घ्यावीत आणि स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर, जागा पुरेल तितकी, छापावीत, अशी माझी संपादक मंडळास नम्र सूचना आहे.