पारध्याचा बैल आणि आजोबांचं पाल

आजचा भाग पनवेलमधल्या आमच्या घराच्या गॅलरीत सुरू झाला. सप्टेंबर 2022 मध्ये नामिबियातून कुनोला चित्ते आले, तेव्हा मी आजोबांना मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवत होतो. ते दोन मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, "चित्त्याचं काय घेऊन बसलास? पारध्याचा बैल बघितलास का कधी?"

आजोबा मूळचे नगर जिल्ह्यातले, पाथर्डीकडचे. पनवेलला यायच्या आधी ते यात्रांमध्ये पाल टाकायचे. माल म्हणजे कासरे, दावी, वेसणी, म्होरक्या, घुंगरमाळा. मढीची कानिफनाथांची यात्रा तुम्ही ऐकली असेल. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालते, गाढवांचा मोठा बाजार भरतो. भटक्या जमाती इतक्या जमतात की मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात. त्यांच्या जातपंचायतीही तिथे बसायच्या.

मी विचारलं, "आजोबा, धंदा कसा चालायचा तुमचा?" म्हणाले, "जागेची पावती फाडायची, दिवसभर ओरडायचं, रात्री मालावरच झोपायचं. आणि सकाळची भवानी रोखीची. भवानीला उधार नाही."

त्यांच्या गिऱ्हाइकांत फासेपारधी असायचे. शेतकरी कासरा ओढून त्याचा जोर बघायचा. पारधी तो बोटांतून फिरवून मऊपणा बघायचा. कारण त्याचं काम वेगळं होतं.

नगरच्या माळरानावर काळविटांचे कळप होते. (शास्त्राप्रमाणे काळवीट हे खरं हरीण नाही, त्याची शिंगं दरवर्षी गळत नाहीत. पण आपण हरीणच म्हणतो.) उघड्या माळावर माणूस दिसला की कळप पळणार. पण चरणारी गुरं काळविटांना रोजच दिसतात, त्यांची भीती नसते. म्हणून पारधी एक बैल शिकवून तयार करायचा. बैल चरत चरत पुढे, त्याच्या आडोशाने वाकून पारधी मागे. बैलाला वळवायचं ते दोरीच्या हलक्या इशाऱ्यावर. आधी वाटेवर खुंट्या ठोकून फासांची ओळ लावलेली असायची. कळप न बिथरता हळूहळू तिकडे सरकवायचा. बंदूक नाही, आवाज नाही. युरोपातले शिकारीही घोड्याच्या आडून असेच जनावरापर्यंत पोचायचे. इंग्रजीतला 'स्टॉकिंग हॉर्स' हा शब्द तिथूनच आला.

आता हीच युक्ती राजवाड्यात बघा. कोल्हापूर संस्थानात चित्त्यांकडून काळविटांची शिकार करवत. आपल्याकडचे चित्ते कमी झाले तेव्हा आफ्रिकेतून आणले. डोळ्यांवर पट्टी बांधलेला चित्ता बैलगाडीवर बसवायचा आणि गाडी कळपाजवळ न्यायची. काळवीट गाडीला घाबरत नाहीत, म्हणून. म्हणजे तत्त्व तेच. जनावराला ओळखीचं वाटेल अशा गोष्टीमागे लपायचं. फरक एवढाच की राजाच्या शिकारीला खेळ म्हटलं गेलं, पाहुण्यांना दाखवलं गेलं, फोटो निघाले. पारध्याला मात्र सरकारने गुन्हेगार ठरवलं.

गुन्हेगार जमाती कायदा आला 1871 मध्ये. 1911 मध्ये तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंद झालेल्या जमातीत जन्मलात की तुम्ही संशयित. हजेरी द्या, परवानगीशिवाय गाव सोडू नका. त्या काळात कोल्हापूरला शाहू महाराजांनी फासेपारध्यांना आसरा आणि काम दिलं, ही वेगळी वाटही नोंदवायला हवी. शेवटी 31 ऑगस्ट 1952 ला देशभरातून हा कायदा गेला.

पण गेला म्हणजे काय? मी सॉफ्टवेअरवाला आहे, माझ्या भाषेत सांगतो. डेटाबेसमधला फ्लॅग काढला, पण कॅशे कोणी क्लिअरच केला नाही. आणि तो कॅशे माझ्या आजोबांच्या डोक्यातही होता.

72 च्या दुष्काळाच्या आधीच्या वर्षीची गोष्ट. नगर भागातलीच एक यात्रा. सकाळी एक पारधी आला, कासरा घेतला, पैसे दिले, गेला. दुपारी आजोबांना दाव्यांचा एक गठ्ठा सापडेना. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. थेट म्हणाले, "सकाळचा तो पारधी." शेजारचे पालवाले उठले. त्याला शोधलं, मारलं, बायकापोरांसकट यात्रेतून हाकलून दिलं. संध्याकाळी पाल आवरताना गठ्ठा सापडला. त्यांच्याच पोत्यांखाली.

"मग तुम्ही त्याला शोधलं का?" मी विचारलं.

"कुठं शोधणार? आणि शोधून काय सांगणार?"

पुढच्याच वर्षी, 1972 मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा झाला. काळवीट त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. 1980 मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य झालं, जेमतेम 2.17 चौरस किलोमीटरचं. कायदा हवाच होता, नाहीतर आज माळावर काळवीट उरलं नसतं. पण चरणारा कळप लांबून ओळखणारी, त्याला न बिथरवता वळवणारी माणसं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांच्या हातातला फास काढून घेतला, ते बरोबरच. त्या हातांना दुसरं काम द्यायला मात्र आपण विसरलो. आणि संशय तेवढा चालू ठेवला.

आजोबांना मी म्हटलं, हे पॉडकास्टमध्ये सांगू का? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सांग. आणि हेही सांग, त्या दिवशीची भवानी त्यानेच केली होती. रोख."

तुमच्याही घरात कोणी यात्रेत, आठवडी बाजारात दुकान लावलं असेल. त्यांना एकदा विचारा, कोणाला उधार द्यायचात, आणि कोण आलं की माल मोजायचात? उत्तर मला जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात.