मोडलेला प्रवास आणि विम्याचें वचन

विमा हा शब्द फारशींतील 'बीम' म्हणजे भीति या शब्दाशीं जोडण्यांत येतो. ज्या संकटाची भीति वाटते त्याचा भार कांहीं मोबदला घेऊन दुसऱ्यानें उचलावयाचा, हेंच या व्यवहाराचें मूळ होय. पश्चिम हिंदुस्थानांतील पेढ्यांवर पूर्वीं 'जोखमी हुंडी' नांवाचा एक प्रकार चालत असे. गलबतांतील माल सुखरूप बंदरास लागला तरच त्या हुंडीचे पैसे मिळावयाचे. गलबत बुडालें कीं हुंडीही बुडाली. हुंडी घेणारा सावकार ती जोखीम पत्करी आणि तिचें मोल आधींच कापून घेई. हा व्यवहार त्यास परवडे, कारण अनेक गलबतांपैकीं थोडींच बुडत. परंतु सारींच गलबतें एका वादळांत सांपडलीं तर सावकारानें द्यावें कोठून? साथीच्या दिवसांतील प्रवासविम्याचें सारें कोडें या एका प्रश्नांत आहे, आणि २०२० सालीं कोविडच्या साथींत तें कोल्हापुरांतील अनेक सुशिक्षित कुटुंबांपुढें उभें राहिलें.

साथीमुळें प्रवास थांबण्याची ही कांहीं पहिली वेळ नव्हे. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईस मांडवी भागांत प्लेग प्रगट झाला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजीं साथीच्या रोगांचा कायदा मंजूर झाला. आगगाडीच्या उतारूंस तपासण्याचा व संशयितांस वेगळें ठेवण्याचा अधिकार त्यानें सरकारास दिला. त्याच वर्षीं मुंबईहून हजला जाणाऱ्या यात्रेकरूंस मनाई झाली. कोल्हापूर-मिरज लोहमार्ग १८९१ सालींच सुरू झालेला असल्यामुळें, ज्या गाडीनें यात्रेकरू यावयाचे त्याच गाडीनें रोगही येऊं शकत होता. या कायद्याची भाषा मोठी सूचक आहे. येणारा खर्च, 'भरपाई असल्यास' तीसुद्धां, कोणीं सोसावयाची हें सरकारनें ठरवावें, एवढेंच त्यांत सांगितलें आहे; भरपाईचा हक्क मात्र प्रवाशास दिलेला नाहीं. हाच कायदा महाराष्ट्र सरकारनें १३ मार्च २०२० रोजीं पुन्हां अंमलांत आणला.

मग मोडलेल्या बेताचा तोटा कोणीं सोसावा? या प्रश्नाचा खल न्यायालयांत झाला तो एका निराळ्याच प्रसंगीं, आणि तो प्रसंग करवीरास अगदींच परका नाहीं. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त छत्रपति शाहू महाराज १९०२ सालीं विलायतेस गेले होते. समारंभ २६ जूनला व्हावयाचा होता; परंतु राजावर ऐनवेळीं शस्त्रक्रिया करावी लागली व तो ९ ऑगस्टपर्यंत लांबला. मिरवणूक पाहण्यासाठीं लंडनच्या रस्त्यांवरील खोल्या लोकांनीं भारी भाड्यानें ठरविल्या होत्या. त्या भाड्यांवरून कज्जे झाले. मिरवणुकीसाठींच घेतलेल्या खोलीचें राहिलेलें भाडें मागतां येत नाहीं, असें न्यायाधीशांनीं १९०३ सालीं ठरविलें. पण पुढच्याच वर्षीं, जे पैसे आधीं देऊन झाले ते परत मिळावयाचे नाहींत, असाही निर्णय दिला. म्हणजे तोटा जेथें पडला तेथेंच राहूं द्यावा! हा कठोर नियम इंग्लंडांत १९४२ सालीं उलटला. आपल्याकडे मात्र १८७२ च्या कराराच्या कायद्याच्या ६५ व्या कलमांत, करार मागाहून निरर्थक ठरला तर ज्यानें त्याखालीं लाभ घेतला त्यानें तो परत करावा, असें तत्त्व पूर्वींच घातलेलें होतें.

या तत्त्वाची कसोटी २०२० सालीं लागली. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेनें कोविड ही जागतिक साथ असल्याचें जाहीर केलें. मार्च संपण्यापूर्वीं उतारूंच्या आगगाड्या व विमानें बंद झालीं. त्या वर्षीं जोतिबाची चैत्रयात्रा भरली नाहीं, आणि अंबाबाईच्या देवळाचीं दारें भाविकांस १६ नोव्हेंबरलाच उघडलीं. उन्हाळ्याच्या सुटीसाठीं महिनोन्‌महिने पैसे सांठवून काढलेलीं तिकिटें घरोघर निरुपयोगी झालीं. रेल्वेनें रद्द झालेल्या गाड्यांचे पूर्ण पैसे परत केले. विमान कंपन्यांनीं मात्र रोख रकमेऐवजीं पुढील प्रवासाची पत देऊं केली. तेव्हां प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १ ऑक्टोबर २०२० च्या निर्णयानें परताव्याचा मार्ग मोकळा झाला. ज्या कंपनीस पैसा देणें अशक्य होतें तिनें ३१ मार्च २०२१ पर्यंत चालणारी पत द्यावी व तिच्या मोलांत दरमहा भर घालावी, असें ठरलें.

आणि विमा? येथें अनेकांची निराशा झाली. तिचें कारण जोखमी हुंडीच्या तत्त्वांतच आहे. विमा अज्ञात संकटाचा असतो. साथ जाहीर झाल्यानंतर घेतलेल्या पॉलिसीस 'ज्ञात घटना' म्हणून बहुधा नकार मिळे. बुडूं लागलेल्या गलबताची जोखीम कोण घेणार? दुसरें असें कीं, प्रवास रद्द होण्याचीं जीं कारणें पॉलिसींत लिहिलेलीं असतात, त्यांवांचून इतर कारणांस सहसा कांहीं मिळत नाहीं. प्रवासी स्वतः आजारी पडला, घरांत मृत्यु झाला, हीं कारणें बहुधा त्या यादींत असतात. 'जाण्याची भीति वाटली' हें नसतें, आणि 'सरकारनें बंदी घातली' हेंही पुष्कळदां नसतें. तिसरें, जें विमान कंपनीकडून वा हॉटेलाकडून परत मिळतें तें विमा देत नाहीं. राहिलेल्या तोट्यापुरतेंच त्याचें वचन असतें. रेल्वेच्या तिकिटाबरोबर २०१६ सालापासून थोड्या पैशांत मिळूं लागलेला विमा तर अपघातांतील मृत्यु, अपंगत्व व इस्पितळाचा खर्च यांपुरताच आहे. प्रवास रद्द होण्याशीं त्याचा संबंध नाहीं.

विमेकऱ्यांस दोष देणें सोपें आहे, व संदिग्ध शब्दांत यादी लिहिल्याबद्दल कित्येकदां तो योग्यही ठरेल. परंतु एका घरावर आलेली आपत्ति हजार घरांनीं वांटून घ्यावी, हें विम्याचें सामर्थ्य. हजारही घरांवर ती एकाच दिवशीं आली, कीं वांटून घेणारा कोणी उरत नाहीं, ही त्याची मर्यादा. तेथें आधार असतो तो घेतलेला पैसा परत करावयास लावणाऱ्या कायद्याचा. तोही सरकारी बंदीनें झालेल्या तोट्यास पुरा पडत नाहीं, कारण १८९७ च्या कायद्यांतील तें 'असल्यास' त्या साथींतही जसेंच्या तसें कायम होतें. तेव्हां पॉलिसी घेतांना तारीख, कारणांची यादी व वगळलेल्या गोष्टी हें सारें वाचून घ्यावें, आणि तिकीट रद्द झाल्यास परतावा कसा मिळेल हें त्याच्याही आधीं विचारावें.