धवळी चिडी आणि पिवळ्या गळ्याची चिमणी

मागच्या वीकेंडला नामपूरला मामांकडे गेलो होतो. लॅपटॉप मुद्दाम घरीच ठेवला. सकाळी ओट्यावर चहा घेत बसलो होतो, तेवढ्यात मामेभावाचा पोरगा धावत आला. "काका, धवळी चिडी!"

अहिराणीत चिडी म्हणजे चिमणी आणि धवळी म्हणजे पांढरी. बघतो तर काय, कांद्याच्या चाळीपुढे दाणे टिपणाऱ्या घोळक्यात एक चिमणी खरंच पांढरी! पोराच्या हातात बेचकी होती. "पाडू का? जवळून बघता येईल."

मी "नको" म्हणालो खरा, पण मंडळी, एक जुनी गोष्ट आठवली.

१९०८ च्या सुमारास मुंबईत खेतवाडीत राहणाऱ्या एका शाळकरी मुलाने छऱ्याच्या बंदुकीने चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग. अशी चिमणी खाल्लेली चालते का, हा त्याचा प्रश्न! तो मामांकडे, अमीरुद्दीन तय्यबजींकडे गेला. मामांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. ही संस्था १८८३ सालची. तिथे मिलार्डसाहेबांनी पक्षी ओळखला आणि पेंढा भरलेले पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. १९८५ साली आलेल्या त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातही ही चिमणी आहे.

गंमत अशी, की ती चिमणी वेगळ्या रंगाची नव्हतीच. ती वेगळ्याच जातीची, पीतकंठी चिमणी होती. त्या जातीत तो पिवळा डाग असतोच. शेजारी ठेवून बघायला दुसरे पक्षी होते, म्हणून हे कळलं.

आमची धवळी मात्र साधी घरचिमणीच. पिसांत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य पोचलं नाही की पीस पांढरं होतं. पूर्ण अल्बिनो पक्ष्याचे डोळेही गुलाबी दिसतात. हिचे काळे होते आणि पंखात दोन-तीन तपकिरी पिसं होती. म्हणजे हा ल्युसिझम. दिसायला मजेदार, पण शिक्र्याला घोळक्यात आधी हीच दिसणार.

सालिम अलींच्या लहानपणी पक्षी नीट बघायचा म्हणजे आधी पाडायचा, अशीच रीत होती. मोठमोठे अभ्यासकही तेच करत. त्या पेट्यांमधूनच आपलं ज्ञान आलंय, त्यामुळे त्यांना नावं ठेवणारा मी कोण? पण आज हातात दुर्बीण आहे.

ती मी पोराला दिली आणि बेचकी मागून घेतली. वहीत त्याने तारीख, वेळ, जागा, डोळ्यांचा रंग, सगळं लिहिलं. बेचकी देताना तोंड जरा वाकडं झालं होतं, पण दुर्बीण काही परत मिळाली नाही :)

काल रात्री त्याचा फोन आला. पाच दिवसांत चिडी चार वेळा आली. गुरुवारी दिसली नाही, तर हा शाळेतून आल्यापासून ओट्यावरच बसून होता म्हणे.

असो. पुढच्या महिन्यात नामपूरला जाताना दुसरी वही न्यायचीय.