विद्यार्थ्यांच्या गटप्रकल्पातील संघकौशल्ये

विद्यार्थ्यांच्या गटप्रकल्पातील संघकौशल्ये म्हणजे एकाच शैक्षणिक प्रकल्पावर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना कामाची वाटणी, परस्परसंवाद, मतभेदांची सोडवणूक आणि सामायिक जबाबदारी यांसाठी लागणारी कौशल्ये होत. विद्यार्थ्यांना केवळ एका गटात बसवल्याने ती येत नाहीत. गटाचा आकार, कामाच्या नोंदी आणि मूल्यमापनाची पद्धत यांवर त्यांचा विकास अवलंबून असतो. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात राष्ट्रीय बालविज्ञान परिषद आणि मुंबई विद्यापीठाचा अभियांत्रिकी अभ्यासक्रम ही अशा गटकार्याची उदाहरणे आहेत.

संशोधनाची पार्श्वभूमी

फ्रेंच कृषी अभियंता मॅक्सिमिलियन रिंगेलमान याच्या १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दोर ओढणाऱ्यांची संख्या वाढली की प्रत्येकाचा सरासरी जोर घटतो, असे आढळले. १९७९ मध्ये बिब लाताने व सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवणे व ओरडणे यांवर प्रयोग करून गटात व्यक्तीचा प्रयत्नच कमी होतो, हे दाखवले. या प्रवृत्तीला ‘सोशल लोफिंग’ म्हणतात. प्रत्येकाचा वाटा स्वतंत्रपणे ओळखता आल्यास ती कमी होते, असे पुढील संशोधनात दिसून आले.

ब्रूस टकमन याने १९६५ मध्ये गटाच्या वाटचालीचे चार टप्पे मांडले : जुळणी, संघर्ष, नियमनिश्चिती आणि कार्यसिद्धी. या मांडणीनुसार सुरुवातीचे मतभेद हे गट फसल्याचे लक्षण नसून वाटचालीचा एक टप्पा ठरतात.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील स्वरूप

राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून देशभर भरते. १० ते १७ वयोगटातील मुले शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या परिसरातील प्रश्नाचा अभ्यास करून अहवाल सादर करतात. महाराष्ट्रातील आयोजनात ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने संयोजकाचे काम केले आहे. पूर्वी एका गटात कमाल पाच मुले असत. नंतर ही मर्यादा दोनवर आणण्यात आली.

ठाणे जिल्हा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. विद्यापीठाच्या २०१९ च्या अभियांत्रिकी अभ्यासक्रमात लघुप्रकल्पासाठी तीन ते चार विद्यार्थ्यांचा गट सांगितला आहे. त्याहून लहान वा मोठा गट चालत नाही. गटाने गरजांचे सर्वेक्षण करून विषय ठरवायचा, आठवडावार नियोजनाचा आलेख द्यायचा आणि नोंदवहीत दर आठवड्याची प्रगती लिहायची असते. मार्गदर्शक ती तपासून शेरे नोंदवतात.

कामाची वाटणी व समन्वय

अंबरनाथ, उल्हासनगर व कल्याणमधून वाहत उल्हास नदीला मिळणाऱ्या वालधुनी नदीचे प्रदूषण हा अशा प्रकल्पाचा विषय होऊ शकतो. पाण्याचे नमुने घेणे, त्यांची तपासणी, काठावरील रहिवाशांच्या मुलाखती आणि अहवाललेखन अशी त्याची वाटणी करता येते. मात्र प्रत्येकाने आपलाच भाग केल्यास अहवाल तुकड्यांचा बनतो. नमुना कोणत्या ठिकाणी व वेळी घेतला, हे लेखन करणाऱ्यालाही ठाऊक असावे लागते.

अमेरिकेत एलियट अरॉन्सन यांनी १९७१ मध्ये वापरलेली ‘जिगसॉ’ पद्धत याच तत्त्वावर आधारित आहे. तीत प्रत्येक विद्यार्थी विषयाचा एक भाग शिकून इतरांना शिकवतो, त्यामुळे कोणालाही वगळून काम पूर्ण होत नाही.

गटातील विद्यार्थी वेगवेगळ्या ठिकाणांहून लोकलने ये-जा करत असतील, तर महाविद्यालय सुटल्यावर थांबणे सर्वांना जमत नाही. अशा वेळी बैठकीचा वार व वेळ आधीच ठरवणे, निर्णय लिहून ठेवणे आणि प्रत्येक कामापुढे नाव व मुदत नमूद करणे उपयोगी पडते.

मूल्यमापन व मर्यादा

सर्वांना सारखेच गुण दिल्यास अधिक काम करणाऱ्यावर अन्याय होतो, तर केवळ वैयक्तिक गुण दिल्यास सहकार्याची गरज उरत नाही. म्हणून गटाच्या गुणांना वैयक्तिक तोंडी परीक्षा आणि सहविद्यार्थ्यांनी केलेल्या मूल्यमापनाची जोड दिली जाते. सहविद्यार्थ्यांच्या मूल्यमापनात मैत्री वा वैर डोकावण्याचा धोका असतो. नोंदवहीदेखील सादरीकरणाच्या आदल्या दिवशी एकहाती भरली गेल्यास तिचा हेतू साध्य होत नाही. ती नियमित तपासली गेली, तर मागे पडलेल्या सदस्याला प्रकल्प संपण्यापूर्वीच मदत करता येते.