चित्रांतील नकोसा भाग

गेल्या वर्षीं आमच्या कुटुंबाची एक लहानशी स्मरणिका छापावयाचें ठरलें, आणि मुखपृष्ठासाठीं आजोबांचें छायाचित्र मिळविण्याचें काम आमच्याकडे आलें. आजोबांचें एकट्याचें असें चित्र घरांत कोठेंच नव्हतें. होतें तें एका मुंजीच्या प्रसंगीं काढलेलें सर्व मंडळींचें. ओळखीच्या एका तरुणानें तें संगणकांत उतरवून घेतलें, रेखाचित्रें काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्यें आजोबांच्या मुखाभोंवतीं एक लंबवर्तुळ ओढलें, आणि पाहतां पाहतां भोंवतालचे काका, मामा, बटु, सनईवाले सारे अदृश्य झाले. फाइल छापखान्यांत गेली. दुसऱ्या दिवशीं तेथून विचारणा आली कीं, आजोबांच्या मागें दाराआड उभ्या असलेल्या, डोक्यावरून पदर घेतलेल्या बाई कोण, आणि त्याही छापावयाच्या आहेत काय?

आम्ही चकित झालों. मूळ चित्र तळहाताएवढें. त्यांतील दाराचा काळोख तेवढा आम्हांस ठाऊक होता. त्या काळोखांत कोणी उभें आहे, हें घरांतील एकाच्याही ध्यानांत आलें नव्हतें. आणि जी मंडळी आम्हीं कापून टाकली अशी आमची समजूत होती, ती सगळी त्या फाइलींत जशीच्या तशी बसून होती!

नको असलेला भाग काढून टाकण्याची कला संगणकापूर्वींचीच. छायाचित्रकार कांचेवरील तो भाग पातीनें खरवडी, किंवा छापलेल्या प्रतीवर कुंचल्यानें झांकी. रशियांत १९३७ च्या सुमारास मॉस्को-व्होल्गा कालव्याच्या कांठीं स्टॅलिनच्या शेजारीं दिसणारा येझोव्ह हा गुप्त पोलिसांचा प्रमुख १९४० सालीं स्वतःच गोळीस बळी पडला. पुढें त्याच चित्रांतून तोही नाहींसा झाला, आणि त्याच्या जागीं नुसतें पाणी राहिलें. काम दुष्टपणाचें खरें. परंतु जें गेलें तें त्या प्रतीवरून तरी खरोखर गेलें. आधीं बाहेर पडलेल्या प्रती उरल्या, म्हणून आज दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून पाहतां येतात.

संगणकावरील रेखाचित्राची गोष्ट निराळी आहे. तेथें चित्र म्हणजे शाई नव्हे, तर वर्णन होय: अमुक बिंदूपासून अमुक बिंदूपर्यंत रेषा, अमुक वळणाची वक्ररेषा. या पद्धतीचा पाया अमेरिकेंतील एमआयटी या संस्थेंत इव्हान सदरलँड यानें घातला. १९६३ सालच्या आपल्या प्रबंधांत त्यानें ‘स्केचपॅड’ या आज्ञावलीची हकीकत दिली आहे. टीएक्स-२ या यंत्राच्या कांचेवर प्रकाशलेखणी टेंकवून रेषा काढतां येत, आणि काढलेलें चित्र पुष्कळ पटींनीं मोठें करून पाहतां येई. आतां चित्र मोठें केलें कीं त्याचा बराचसा भाग पडद्याबाहेर जाणारच. मग पडद्यावर कोणती रेषा किती दाखवावयाची, हें यंत्रानें ठरविलें पाहिजे. कापण्याचा प्रश्न असा प्रथम उद्भवला, आणि तो ‘काय नष्ट करावें’ असा नव्हता; ‘काय दाखवूं नये’ असा होता. रेषा खोडण्याची सोय स्केचपॅडमध्यें अगदीं वेगळी होती.

पुढें सदरलँड हार्वर्ड येथें असतां, १९६७ च्या सुमारास, त्याचें व डॅनी कोहेन याचें नांव लागलेली युक्ति निघाली. ती इतकी साधी आहे कीं घरांतल्या मुलांस पाटीवर करून दाखवावी. पाटीच्या मध्यें एक चौकट काढा आणि तिच्या चारी बाजू दोन्हींकडे वाढवा. पाटीचे नऊ खण होतात. मधला तेवढा दृश्य. प्रत्येक बिंदूस चार अंकांची खूण द्यावयाची: वर असल्यास पहिला अंक एक, खालीं असल्यास दुसरा, उजवीकडे असल्यास तिसरा, डावीकडे असल्यास चवथा, एरवीं शून्य. रेषेच्या दोन्ही टोंकांची खूण चार शून्यें असेल तर ती सबंध दाखवावी. दोन्ही टोंकांस एकाच स्थानीं एक असेल, म्हणजे दोन्ही टोंकें चौकटीच्या एकाच अंगास बाहेर असतील, तर रेषा मुळींच दाखवूं नये. गणित करावयाचें तें उरलेल्या रेषांपुरतें: चौकटीच्या बाजूशीं तोडावें, आणि उरल्या तुकड्याची पुनः तीच परीक्षा घ्यावी. पुष्कळशा रेषांचा निकाल अशा रीतीनें गुणाकार-भागाकारावांचून लागतो. त्या काळच्या मंद यंत्रांना ही बचत फार मोलाची होती.

रेषा कापणें सोपें. आकृति कापणें तितकें सोपें नाहीं, कारण कापलेल्या कडेवर नवी बाजू जोडावी लागते. सदरलँड व गॅरी हॉजमन यांनीं १९७४ सालीं, सुतार फळी एकेका बाजूनें करवततो त्याप्रमाणें, आकृति चौकटीच्या एकेका बाजूशीं कापण्याची रीत प्रसिद्ध केली. ती बहिर्वक्र चौकटीपुरती. खांचाखोंचांच्या चौकटींसाठीं १९७७ सालीं वायलर व अ‍ॅथर्टन यांची रीत आली.

चित्रकारांच्या हातीं हें सारें आलें तें मात्र छापण्याच्या वाटेनें. जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनीं १९८२ सालीं अ‍ॅडोबी ही कंपनी काढली, आणि १९८४ सालीं पोस्टस्क्रिप्ट ही पृष्ठवर्णनाची भाषा बाहेर आली. तींत ‘क्लिप’ अशी एक आज्ञा आहे. गोण्यांवर अक्षरें उमटविण्यासाठीं पत्र्यांत तीं कोरून काढतात; वरून रंग फांसला तरी तो कोरलेल्या जागींच उतरतो. ‘क्लिप’ म्हणजे तो पत्रा. या पत्र्याचें भोंक आणखी लहान करतां येतें, मोठें करतां येत नाहीं. मोठें पाहिजे असेल तर आधीं जपून ठेवलेल्या स्थितीकडे परत जावें लागतें. हा नियम आम्हांस मोठा मौजेचा वाटतो. १९८७ सालचें इलस्ट्रेटर हें याच पोस्टस्क्रिप्टच्या पोटीं जन्मलें. १९८९ मध्यें कॅनडांत कोरलड्रॉ निघालें. आपल्याकडील लग्नपत्रिका व फलक करणाऱ्यांचा तर तो उजवा हातच झाला. २००१ सालीं एसव्हीजी हा सार्वजनिक नमुना मान्य झाला, आणि २००३ पासून तो वापरणारें इंकस्केप विनामूल्य मिळूं लागलें. नांवें निराळीं, पत्रा तोच. इंकस्केपमध्यें छायाचित्रावर लंबवर्तुळ ठेवून ‘क्लिप’ म्हटलें कीं बाहेरचें झांकतें. ‘रिलीज’ म्हटलें कीं सगळें परत येतें.

ही सोय आहे, आणि तिचे उपकार मानले पाहिजेत. चुकलेला हात मागें घेतां येतो ही चित्रकाराला केवढी मोकळीक! परंतु झांकणें आणि काढणें यांतला भेद विसरला कीं काय होतें, याचें उदाहरण बगदादचें आहे. ४ मार्च २००५ रोजीं ओलिसांतून सुटलेल्या जुलियाना स्ग्रेना या पत्रकार बाईंना विमानतळाकडे नेत असतां इटलीचे अधिकारी निकोला कालिपारी हे अमेरिकन सैनिकांच्या गोळ्यांनीं मारले गेले. अमेरिकन लष्करानें आपला अहवाल पीडीएफ रूपानें प्रसिद्ध केला, आणि सैनिकांचीं नांवें वगैरे भाग काळ्या पट्ट्यांनीं झांकला. पीडीएफ ही पोस्टस्क्रिप्टचीच कन्या. पट्ट्याखालचा मजकूर निवडून दुसरीकडे उतरवितां येतो, हें वाचकांच्या लगेच ध्यानांत आलें, आणि गुप्त नांवें उघडीं पडलीं. इतकें होऊनही जानेवारी २०१९ मध्यें पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनीं न्यायालयांत दिलेल्या कागदांत हीच चूक पुनः झाली. सैन्य काय, वकील काय, आणि आम्ही काय! डोळ्यांस दिसेनासें झालें म्हणजे गेलें, असें मानण्याची खोड सर्वांची सारखीच.

खरोखर काढावयाचेंच असेल तर वाट फारशी अवघड नाहीं. छायाचित्र ठिपक्यांच्या चित्रांसाठीं असलेल्या सॉफ्टवेअरमध्यें आधींच कापून मग रेखाचित्रांत आणावें. किंवा दिसतो तेवढाच भाग ठिपक्यांच्या नव्या चित्रांत उतरवून घ्यावा, आणि जुनें काढून टाकून ती फाइल द्यावी. त्या तरुणानें आम्हांस हेंच सुचविलें.

परंतु तोंपर्यंत आम्हीं तें चित्र मोठें करून एका वृद्ध आतेबहिणीस दाखविलें होतें. तिनें त्या बाईंना ओळखलें: आजोबांची थोरली बहीण, बालपणींच विधवा झालेली, जन्मभर त्याच घरांत राबलेली. मंगलकार्याच्या चित्रांत तिनें उभें राहावयाचें नव्हतें. म्हणून ती दाराआड होती. तिचें दुसरें चित्र कोणापाशीं नाहीं.

मुखपृष्ठावर लंबवर्तुळ तसेंच राहिलें. आंतल्या पानावर आम्हीं सबंध चित्र दिलें, दारासकट, आणि खालीं सर्वांबरोबर तिचेंही नांव घातलें.